बुरशी मेली तरी मका खाण्याजोगा होत नाही

काढणीत पाऊस आला आणि मका-सोयाबीन भिजलं की मराठवाड्यातल्या शेतकरी ग्रुपांवर असा एखादा मेसेज फिरतोच: ‘थंड प्लाझ्मा मशीन आलंय. बुरशी लागलेला माल पाच मिनिटांत शुद्ध. रसायन नाही, वाळवायची कटकट नाही, बियाण्याला औषध लावायची गरज नाही.’ खाली बुकिंगसाठी नंबर. तंत्र खरं आहे, म्हणूनच मेसेज पचतो.

दोन इलेक्ट्रोडांमध्ये उच्च दाबाची वीज सोडली की मधल्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते भयंकर तापतात, हवा मात्र फार तर कोमट होते, म्हणून हा ‘थंड’ प्लाझ्मा. त्यातून ओझोन, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि क्षणभर टिकणारे जहाल कण तयार होतात नि जंतूंच्या पेशी फोडतात. बुरशीचे बीजाणूही प्रयोगशाळेत यानं मरतात. इथवर तक्रार नाही.

पण मग ‘रसायन नाही’ कसं? ओझोन रसायनच आहे. जर्मन अभियंता वर्नर सीमेन्सनं 1857 साली ओझोन बनवला तो अशाच पद्धतीनं. बंद गोदामात तो श्वासात गेला तर खोकला येतो, छाती आवळते. फवारणीसारखा अंश मागं राहत नाही, एवढंच म्हणता येईल.

‘पाच मिनिटां’चंही तसंच. प्रयोगात बहुधा मूठभर दाणे एका थरात पसरलेले असतात, आणि हे कण पृष्ठभागावर काम करतात. मक्याचा बुरसटलेला दाणा घ्या, अंकुराकडचं टोक नखानं उकला. हिरवट-पिवळी भुकटी सालीखालीही सापडते. मळणीत तडकलेल्या सोयाबीनच्या भेगेत तीच गत. पोत्यांच्या थप्पीत आतल्या दाण्यापर्यंत हे कण पोचणार कसे?

खरी गोम ‘शुद्ध’ या दाव्यात आहे. अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. त्यानं यकृताचा कर्करोग होतो. धान्य-कडधान्यात त्याची कायदेशीर मर्यादा किलोला 15 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका टनात 15 मिलिग्रॅम. बुरशी मेली तरी विष दाण्यात तसंच राहतं. भाकरी भाजूनही ते पुरतं जात नाही. प्लाझ्मानं त्यातलं काही मोडतं, पण किती ते वायू, वेळ आणि दाण्यावर ठरतं, नि तेही मुख्यतः पृष्ठभागावरचं. उलट पांढराशुभ्र दिसणारा मका बिनधास्त दळला जाईल, ही मला जास्त भीती. आणि ‘माणसाला नको तर म्हशीला घालू’ हा आपला नेहमीचा तोडगाही धोक्याचा, कारण हेच विष रूप बदलून दुधात उतरतं. दुधात तर मर्यादा किलोला फक्त 0.5 मायक्रोग्रॅम.

वाळवणीला पर्याय? पाच मिनिटांच्या प्लाझ्मानं दाण्यातलं पाणी हटत नाही. पावसानंतर ताडपत्रीखालच्या ढिगात कोपरापर्यंत हात घाला, आत ऊब लागते. बुरशीला तेवढं पुरतं. आजची मेली तरी हवेतले बीजाणू परत रुजतात. 2024 च्या हंगामात सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के झाली खरी, पण ती सवलत विकण्यापुरती. 15 टक्क्यांचं सोयाबीन घरात थप्पी लावून ठेवलं तर ते कुजणारच.

बियाण्याबद्दल थोडक्यात: काही प्रयोगांत हलक्या प्लाझ्मानं उगवण सुधारली, जास्त झाला की घटली. शिवाय त्याचं कवच मागं उरत नाही. मूळकूज-खोडकुजीच्या बुरश्या आपल्या जमिनीतच असतात. पेरणीनंतर त्यांना थोपवायला दाण्यावर थायरम हे बुरशीनाशक नाहीतर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लागते. आणि ओल्या गोणपाटात सोयाबीनचे 100 दाणे ठेवून 70 उगवतात का, हे बघणं काही सुटत नाही.

तरीही त्या नंबरवर फोन करणार असाल तर दोन गोष्टी मागा: तासाला किती क्विंटल होतं ते लेखी, आणि एकाच लॉटचा मशीनआधीचा नि नंतरचा अफ्लाटॉक्सिनचा प्रयोगशाळा अहवाल.