‘एका रात्रीत अंगदुखी गायब’: चूर्णाच्या मेसेजला उत्तर

नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात सराव करणाऱ्या आणि पोलिस भरतीसाठी पळणाऱ्या पोरापोरींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. अश्वगंधा, हळद, गुळवेल आणि शिलाजित यांचं चूर्ण रात्री दुधातून घ्या. लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं, एका रात्रीत अंगदुखी गायब, वनस्पती म्हणून अपाय नाही आणि डोप टेस्टची भीतीही नाही. यातला शेवटचा दावा एखाद्याचं खेळणंच बंद पाडू शकतो.

आधी लॅक्टिक अ‍ॅसिड. पळणं थांबल्यावर साधारण तासाभरात त्याची पातळी पूर्ववत होते, त्यासाठी चूर्ण लागत नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात त्या सवय नसलेल्या व्यायामामुळे स्नायूंना झालेल्या बारीक इजेने. हे दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं, मग आपोआप ओसरतं. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला तर मुळातच कमी दुखतं, कारण स्नायू सरावलेले असतात. मधल्या काळात ज्याने चूर्ण सुरू केलं, त्याला गुण चूर्णाचाच वाटणार. ‘मला फरक पडला’ म्हणणारी पोरं खोटं बोलत नाहीत. फक्त श्रेय भलतीकडे जातंय.

अश्वगंधा निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगात ५७ पुरुष होते. ज्यांना रोज ६०० मिलिग्रॅम मुळांचा अर्क मिळाला, त्यांची ताकद इतरांपेक्षा जास्त वाढली आणि स्नायूंची इजाही कमी दिसली. पण ते वजनं उचलण्यात नवखे होते, अर्क ठरावीक मात्रेचा होता आणि प्रयोग ८ आठवड्यांचा. एका रात्रीचा नाही. हळदीतला मुख्य गुणकारी घटक म्हणजे कर्क्युमिन; तो हळदीत जेमतेम ३ टक्के, तोही अंगी नीट लागत नाही. हळदीचं दूध खुशाल प्या, पण दुखणं थोडं कमी झाल्याचे प्रयोग घट्ट अर्कावरचे आहेत.

‘अपाय नाही’ हेही खरं नाही. अश्वगंधेमुळे यकृताला इजा होऊन कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं.

आता डोपिंग. कुचला या झाडाच्या बिया अंगदुखीच्या आयुर्वेदिक औषधांत वापरतात; त्यातलं स्ट्रिक्नीन हे उत्तेजक स्पर्धेच्या काळात वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे. एफेड्रा वनस्पतीतलं एफेड्रिन ठरावीक मर्यादेपलीकडे निघालं तर तेही चालत नाही. भांगही नाही. गुळवेलीची जवळची नातलग टिनोस्पोरा क्रिस्पा हिच्यात हायजेनामाइन नावाचं द्रव्य असतं, त्यावर तर बारमाही बंदी. कुटून बारीक केल्यावर या दोन वेलींत डोळ्यांनी फरक कसा करणार? नमुन्यात काही सापडलं की जबाबदारी खेळाडूचीच. दुकानदाराने सांगितलं नव्हतं, एवढ्याने सुटका होत नाही.

त्यामुळे स्पर्धेत उतरणाऱ्यांनी इतवारीच्या बाजारातून सुटं चूर्ण आणू नये. पळून आल्यावर तर्री-पोह्यांसोबत मूठभर जास्त चणे किंवा दोन अंडी खा, पाणी प्या आणि रात्री आठ तास झोपा. तरीही घ्यायचंच असेल, तर प्रत्येक घटक छापलेलं, बॅच नंबर असलेलं आणि डोपिंगसाठी तपासलेलं उत्पादन घ्या, आधी क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना दाखवा आणि डबी जपून ठेवा.