प्लग कुठंय?

माझ्या टेबलावर काल रात्रीपासून तीन पिनांचा एक प्लग पडून आहे. पिवळट पडलेला, एका बाजूला जळल्याचा डाग. तो माझा नाही. बी विंगमधल्या काकांचा आहे आणि तो न्यायला ते आज संध्याकाळी येणार आहेत. म्हणजे कालच्या प्रकाराची जाहीर उजळणी होणार. तेव्हा त्याआधी माझी बाजू मांडून ठेवतो.

मामी चार दिवस राहायला आलीय. मामाला जाऊन दोन वर्षं झाली. मामा गावच्या गणपतीत नाट्यपदं म्हणायचा आणि त्याच्या १९८७ सालच्या कॅसेटी त्यानंच पुढे कधीतरी कम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या. ती हार्डडिस्क माझ्याकडे. जेवणं झाल्यावर मामी म्हणाली, "त्यांचं गाणं आहे ना रे तुझ्याकडे?" मी म्हटलं, "दोन मिनिटांत लावतो." हे वाक्य मी का बोललो हे माझं मलाच कळत नाही. दोन मिनिटांत आमच्याकडे गॅससुद्धा पेटत नाही.

बायकोनं स्पीकर पुसले. इडलीपात्र परत करायला आलेले काकाही "बघू तरी" म्हणत सोफ्यावर टेकले. मी फाइलवर क्लिक केलं. सॉफ्टवेअरनं ४५ मिनिटांच्या कॅसेटची लांबी शून्य मिनिटं शून्य सेकंद दाखवली आणि खाली एक नम्र पट्टी आली: हा फॉरमॅट सपोर्टेड नाही.

आता ही फाइल कसली, ते सांगायला हवं. त्याशिवाय माझा राग कळणार नाही. मामाला एमपीथ्रीचा मनस्वी तिटकारा. एमपीथ्रीत माणसाच्या कानाला जे ऐकू येण्यासारखं नाही ते काढून टाकतात, असं मी त्याला एकदा समजावून सांगितलं होतं. हे संशोधन प्रामुख्यानं जर्मनीत झालं, हेही सांगितलं. मामा म्हणाला, "मला काय ऐकू येत नाही ते जर्मनांनी का ठरवावं?" म्हणून त्यानं 'लॉसलेस' धरलं. म्हणजे फाइल लहान होते, पण मूळ आवाजातला एक कणही गळत नाही. त्यातही सरळ फ्लॅक घ्यावं, जे आज कुठंही वाजतं, तर नाही. त्यानं दोन्ही करून पाहिलं आणि 'मंकीज ऑडिओ' नावाच्या प्रकारात फाइलमागे बारा एमबी वाचतात असा शोध लावला. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहिणारा माणूस. बारा एमबी वाचतायत म्हटल्यावर तो कुणाच्या बापाला ऐकणार! या फाइलच्या नावापुढे 'एप' असं शेपूट लागतं. एप म्हणजे बिनशेपटीचं माकड, हा त्यातला आणखी एक विनोद.

आणि वाचवलं काय, तर कॅसेटची खरखर. खरखरीत काही ठरावीक नक्षी नसते, त्यामुळे ती दाबून लहान होत नाही, फाइलमध्ये जागा तीच जास्त खाते. मामाचा गळा त्या मानानं स्वस्तात मावला असणार.

तर मी पट्टी वाचली आणि स्वतःशीच पुटपुटलो, "प्लगइन नाहीये."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. काका वीज बोर्डातून लाइनमन म्हणून रिटायर झालेत. 

"प्लग इन नाहीये?"

"नाही ना."

"मग कर की इन."

"काका, तो प्लग नव्हे. प्लगइन. सॉफ्टवेअरचं असतं."

"सॉफ्टवेअरला वेगळा प्लग?"

"हो. म्हणजे, नाही."

"एक काय ते ठरव," असं म्हणून काका टेबलाखाली शिरले. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेला हा माणूस एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्ये खुर्ची मिळाल्याशिवाय तोंड उघडत नाही. खालून आवाज आला, "इथं तर चार लागलेत. ह्यातला तुझा कुठला?"

"सापडला का रे प्लग?" मामी.

मी काकांना बाहेर काढलं आणि शांतपणे सांगितलं की या सॉफ्टवेअरला ही फाइल वाचता येत नाही. वाचता येईल असा एक छोटा तुकडा बाहेरून आणायचा आणि त्याच्या फोल्डरमध्ये बसवायचा, की मग ते वाचतं.

"म्हणजे ॲडॅप्टर," काका म्हणाले.

मी थांबलो. एवढी वर्षं या धंद्यात काढून मला याहून चांगला शब्द सापडला नव्हता.

"हो. ॲडॅप्टरच."

"मग ॲडॅप्टर म्हण. मघापासून प्लग प्लग काय लावलंयस?"

मामीला माझी कीव आली असावी. ती कौतुकानं म्हणाली, "आमचा भाचा सॉफ्टवेअरमध्ये टेस्टर आहे हो." काकांनी खिशातला टेस्टर काढला, माझ्या खिशाकडे पाहिलं, आणि काही न बोलता परत ठेवला. तेवढं झाल्यावर ते घरी गेले. मला वाटलं, सुटलो. पाच मिनिटांत प्लास्टिकची पिशवी घेऊन हजर. पिशवीत दोन पिना, तीन पिना, एक होल्डर, इन्शुलेशन टेप. "असू दे. लागलं तर."

मी तोवर प्लगइन शोधत होतो. एके काळी यात मजा होती. १९९७ साली विनॲम्प हा गाणी वाजवायचा प्रोग्राम आला तेव्हा प्लेअर एवढासा आणि ज्याला जे हवं त्यानं ते लिहून जोडावं असा कारभार. आत येणाऱ्या आवाजाचे प्लगइन 'इन' नावानं सुरू व्हायचे, बाहेर जाणाऱ्याचे 'आउट', आणि गाण्यावर रंगांच्या लाटा नाचवणारे 'व्हिझ'. होस्टेलवर आम्ही त्या लाटा बघत रात्री काढल्या आहेत. गाणं निमित्तमात्र. ही डीकोडरची, म्हणजे फाइल उलगडून वाचणाऱ्या तुकड्यांची कामं कुणीतरी आपली नोकरी सांभाळून, रात्री जागून, फुकट केलेली. तो माणूस पुढे लग्न करतो, त्याला मुलं होतात, त्याचं पान बंद पडतं, आणि वीस वर्षांनी मी माझ्या मामाच्या आवाजासाठी त्याच्या दारात उभा. दार उघडायला कुणी नाही. त्याच्यावर राग कसा काढणार? राग आहे तो या नव्या सॉफ्टवेअरवर. मला बारा रंगसंगती देऊ करतात. माझा 'मूड' विचारतात. वर्षाअखेरीला मी काय काय ऐकलं त्याचं प्रगतिपुस्तक धाडतात. आणि गाणं लावलं की 'सपोर्टेड नाही'. पाठिंबा काढून घेतलेल्या सरकारसारखा मी नुसता बसून.

प्लगइन मिळालं. जागेवर ठेवलं. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं. शून्य मिनिटं, शून्य सेकंद.

"आता काय?" बायको. हिच्या आवाजात 'दोन मिनिटं' होती.

"हे ३२ बिटांचं आहे आणि सॉफ्टवेअर ६४ बिटांचं. बसत नाही."

मी हे कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. पण काका एकदम सावरून बसले. "पाच अँपिअरचा प्लग पंधराच्या सॉकेटात बसेल का? नाही बसणार! पिना बारीक पडतात." मग मामीकडे वळून, "वहिनी, यानं गीझरच्या सॉकेटात मोबाइलचा चार्जर घातलाय."

"अगंबाई," मामी म्हणाली. "मग जळेल ना?"

सांगायला लाज वाटते, पण ३२ आणि ६४ चं इतकं स्वच्छ निरूपण मी आमच्या ऑफिसातही ऐकलेलं नाही. उपायही काकांनीच सांगितला: "मग सॉकेट बदल." मी त्याच सॉफ्टवेअरची ३२ बिटांची आवृत्ती उतरवून घेतली. विंडोजनं विचारलं, खात्री आहे का? मी म्हटलं, आहे. तिनं पुन्हा विचारलं. दोनदा खात्री मला लग्नाच्या वेळीही कुणी विचारली नव्हती.

या वेळी काहीतरी हललं. प्लगइन उघडलं, आणि त्याच्या खिडकीत फोल्डरच्या नावाच्या जागी चार प्रश्नचिन्हं आली. पुढं गाडी जाईना.

हे कळायला मला वीस मिनिटं लागली. फोल्डरला नाव मीच दिलं होतं, मामा गेल्यावर, देवनागरीत: मामा. आणि ते जुनं प्लगइन युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या पद्धतीच्या आधीच्या वळणाचं, त्याला रोमनखेरीज अक्षरओळख नाही. म च्या जागी एक प्रश्नचिन्ह, काना दिसला की आणखी एक. पुन्हा म, पुन्हा काना. आणि विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. म्हणजे ते बिचारं असा फोल्डर शोधत होतं, जो या जगात असूच शकत नाही.

इथं मात्र माझं डोकं फिरलं. माकडाच्या नावाचा फॉरमॅट चालतो आणि मामा चालत नाही! आपल्याच भाषेत आपल्याच माणसाचं नाव लिहिलं ही माझी चूक आणि ती सुधारायची मीच. सुधारली. फोल्डरला रोमन लिपीत मामा असं नाव दिलं. चार अक्षरं. चार प्रश्नचिन्हांच्या बदल्यात चार अक्षरं. हिशेब चोख, मामाला आवडला असता.

"मोबाइलवर लाव ना यूट्यूबला," बायको म्हणाली. "कुणीतरी टाकलंच असेल." हिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. गावच्या गणपतीतला माझा मामा यूट्यूबला कोण टाकणार?

पावणेअकरा वाजले होते. मामीची मान कलली होती. मी क्लिक केलं. ४४ मिनिटं, ५२ सेकंद. आणि स्पीकरमधून घूंऽऽऽ.

जाड, सलग, भिंतीतून आल्यासारखी घूं. तिच्यामागे कुठंतरी पेटी, आणि त्याहून मागे "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणणारा मामा. मी श्वास रोखून धरला.

काकांनी हात वर केला. "अर्थिंग नाहीये."

"काका, हे १९८७ चं आहे."

"तेच सांगतोय. घूं ऐक. ५० हर्ट्‌झ आहे ती. तेव्हा त्यांनी दोन पिनांचा लावलेला असणार." आणि माझ्यापुढे पिशवीतला तीन पिनांचा प्लग ठेवून, "मघापासून ओरडतोय मी, प्लगचा प्रॉब्लेम आहे."

मामी जागी झाली होती. डोळे मिटूनच हसली. "प्लग कसला भाऊजी, मांडवाला मीटरच नव्हतं. आकडा टाकून घेतली होती लाइट. ह्यांनीच टाकला होता."

काकांचा चेहरा बदलला. बोर्डातली सगळी वर्षं त्यावर उमटली. ते उठून उभे राहिले.

"गाव कुठलं म्हणालात?"

कुणी काही बोललं नाही. मामानं सूर लावला, घूं त्याच्या पायाशी बसूनच होती, आणि त्यातला एक कणही गळलेला नव्हता. प्लग तिथंच विसरून काका गेले. आज संध्याकाळी येताना वही घेऊन येतो म्हणालेत.