चिकटलेल्या बॉलवर मारणं फाउल? पूलमध्ये तरी नाही

पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणाऱ्यांमध्ये एक 'नियम' बरेच दिवस फिरतोय. मजकूर थोडक्यात असा (क्यू म्हणजे मारायची काठी, पांढरा म्हणजे तिने मारायचा बॉल, पुश म्हणजे ढकलणं): "पांढरा बॉल दुसऱ्या बॉलला चिकटला असेल तर त्या बॉलच्या दिशेने मारायचं नाही; मारलं की पुश, म्हणजे फाउल. पांढरा बाजूला मारून काढला की तो बॉल लागला असं धरतात. दोघांत थोडी फट असेल तर मात्र बिनधास्त मारा. आणि क्यू मागून पंचेचाळीस अंशांत उचलली की कशाचाच फाउल लागत नाही."

चार वाक्यं आहेत आणि पूलपुरती चारही चुकीची. इथे पूल म्हणजे एट-बॉल, नाइन-बॉल वगैरे, वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या (डब्ल्यूपीए) नियमांनी खेळला जाणारा. लाल-पिवळ्या बॉलचा ब्रिटिश पद्धतीचा खेळ वेगळा, त्याची रीत स्नूकरच्या जवळची आहे.

पहिलं वाक्य आलंय तेही स्नूकरमधूनच. तिथे रेफरी 'टचिंग बॉल' म्हणाला की पांढरा त्या बॉलपासून दूर मारायचा आणि चिकटलेला बॉल हलू द्यायचा नाही. तो हलला की पुश स्ट्रोक, किमान चार गुणांचा दंड. मी स्नूकरवरूनच पूलकडे आलो, त्यामुळे हा नियम माझ्या हाडात भिनलेला. नाइन-बॉलच्या एका डावात समोरच्याने चिकटलेला तीन नंबर सरळ पॉकेटमध्ये ढकलला, तेव्हा मी "फाउल!" म्हणून पांढरा हातात घ्यायलाही निघालो होतो. त्याने शांतपणे नियम दाखवला. पूलमध्ये पांढरा चिकटलेला असेल आणि तो बॉल तुमचं कायदेशीर लक्ष्य असेल, तर त्याच्या दिशेने, अगदी सरळ त्याच्यावरही मारता येतं. त्या शॉटने बॉल हलला की पांढरा त्याला लागला असं धरतात. त्या डावात तीनच टेबलावरचा सर्वांत लहान नंबर, म्हणजे नाइन-बॉलमधलं कायदेशीर लक्ष्य होता; शॉट बरोबर आणि चूक माझी.

अट लक्ष्याची आहे, ती विसरू नका. एट-बॉलमध्ये पांढरा समोरच्याच्या बॉलला चिकटला असेल आणि तुम्ही त्याच्यावरच मारलं, तर आधी चुकीचा बॉल लागला म्हणून फाउल. पुशशी त्याचा संबंध नाही.

आता तिसरं वाक्य आधी घेतो, कारण खरी गंमत तिथे आहे. चिकटलेला बॉल धोक्याचा आणि थोडी फट असलेला सुरक्षित, असं डोळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात नेमकं उलट होतं.

क्यूचं वजन साधारण 540 ग्रॅम धरा आणि बॉलचं 165, म्हणजे क्यू बॉलच्या तिपटीहून थोडी जड. टिप, म्हणजे क्यूचं टोक, पांढऱ्याला सेकंदाला 2 मीटर वेगाने लागली, तर ढोबळ हिशेबाने पांढरा 3 मीटरने निघतो आणि क्यू थांबत नाही, 1 मीटरने मागून येतच राहते. पुढे मोकळी जागा असेल तर हरकत नाही, पांढरा क्यूच्या पुढे पळालेला असतो. पण पुढे मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर दुसरा बॉल असला की पांढरा त्याच्यावर सरळ आदळून आपला वेग त्याला देऊन टाकतो आणि स्वतः जवळजवळ जागच्या जागी थांबतो. मागून येणारी टिप त्याला पुन्हा लागते. हा डबल हिट, आणि तो फाउलच. फट आणखी कमी असेल तर टिप पांढऱ्यावरून सुटण्याआधीच दोन बॉल भेटतात. नियमाने तोही फाउल.

चिकटलेल्या बॉलचा हिशेब वेगळा. टिप पांढऱ्यावर साधारण एक हजारांश सेकंद टेकलेली असते. दोन बॉलमधला धक्का त्याहून कितीतरी कमी वेळात पार होतो. त्यामुळे क्यूला समोर 165 ग्रॅमचा एक बॉल नाही, 330 ग्रॅमचं एकच ओझं जाणवतं. त्याच 2 मीटरच्या फटक्याने दोन्ही बॉल साधारण अडीच मीटरने एकत्र निघतात आणि क्यूचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरवर येतो. पांढरा थांबतच नाही, मग टिप त्याला दुसऱ्यांदा गाठणार कशी? म्हणून चिकटलेल्या बॉलवर सरळ मारल्यावर पांढरा त्याच्या पाठोपाठ गेला तर ते फाउलचं लक्षण नाही. थोडी फट असताना सरळ मारल्यावर पांढरा लगेच तसाच बरोबर गेला, तर मात्र तिथे डबल हिट झालाय. दिसतं एकच, अर्थ दोन. भांडणं बहुतेक इथूनच होतात.

दोन बारकावे. फट असतानाही समोरच्या बॉलला अगदी निसटता स्पर्श करून मारलं, तर नियम तो शॉट चालवून घेतो. आणि चिकटलेल्या बॉलच्या पलीकडे लगेच तिसरा बॉल उभा असेल तर सावध राहा, तिथे डबल हिट पुन्हा होऊ शकतो.

दुसरं वाक्य, म्हणजे बाजूला मारलं की लागला असं धरतात, हेही स्नूकरचंच. तिथे चिकटलेला बॉल 'ऑन', म्हणजे त्या फटक्यात आधी लागायला हवा तो, असेल तर दूर मारूनही तो लागल्यासारखा धरतात. पूलमध्ये, त्या खेळाच्या नियमात वेगळं लिहिलेलं नसेल तर, दूर मारणं म्हणजे तो बॉल लागणं नव्हे. नाइन-बॉलमध्ये चिकटलेल्या तीनपासून पांढरा अलगद काढून मागे लपवलात आणि तीन हललाच नाही, तर तुम्ही समोरच्याला 'बॉल इन हँड' दिलात, म्हणजे पांढरा टेबलावर हवा तिथे ठेवायची मुभा. सेफ्टी, म्हणजे बचावाचा शॉट, खेळतानाही तीन हलायला हवा, आणि स्पर्शानंतर काहीतरी पॉकेट व्हायला किंवा कुठलातरी बॉल कुशनला (टेबलाच्या कडेला) लागायला हवा.

क्यू उचलण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. वरून तिरकं मारल्याने टिप खाली जाऊन अडते आणि डबल हिट टळू शकतो, इतकंच. डब्ल्यूपीएच्या नियमात पंचेचाळीस अंशांची सूट कुठेही नाही. टिप दोनदा लागली की फाउल, क्यू कशीही धरा.

त्या फिरणाऱ्या मजकुरात नसलेली गोष्ट सगळ्यांत कामाची आहे. रेफरी किंवा समोरचा खेळाडू 'टच आहे' म्हणत नाही, तोवर नियम बॉल टच नाहीत असंच धरतो. आणि विचारून घेणं मारणाऱ्याचं काम, तेही मारण्याआधी. गुडघ्यावर बसा, डोळे बॉलच्या उंचीला आणा आणि दोघांच्या मधोमध बघा. केसाएवढी उजेडाची रेघ दिसली तर फट आहे. एका बाजूने दिसली नाही म्हणून थांबू नका, दुसऱ्या बाजूनेही बघा, टेबलावरचा दिवा फसवतो. समोरच्यालाही वाकायला लावा, "टच?" विचारा आणि त्याचं "हो" ऐकूनच क्यू मागे घ्या.