‘लूजिंग माय रिलिजन’मध्ये देव हरवलेला नाही

आर.ई.एम. या अमेरिकी बँडचं ‘लूजिंग माय रिलिजन’ हे गाणं १९९१ साली आलं. त्याच्याबद्दल एक मजकूर आजही फिरत असतो: हे श्रद्धा गमावलेल्या माणसाचं गाणं आहे. त्यातला ‘तू’ म्हणजे देव, कबुली म्हणजे चर्चमधलं कन्फेशन, गुडघे टेकणं म्हणजे प्रार्थना, आणि तरीही शंका असेल तर व्हिडिओ पाहा, त्यात देवदूत कोसळतो. काही जण तर याला नास्तिकांचं गीतच म्हणतात. हा अर्थ चुकीचा आहे. तो लादला की गाण्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट दिसेनाशी होते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी शीर्षक. अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘धर्म हरवणं’ हा जुना वाक्प्रचार आहे. संयम संपला, आता भान सुटणार, अशी वेळ आली की तिकडची माणसं असं म्हणतात. बँड जॉर्जियातल्या अथेन्सचा, आणि गीतकार-गायक मायकेल स्टाइपचा जन्मही जॉर्जियातला. हा अर्थ त्याने स्वतः वारंवार सांगितला आहे. असे वाक्प्रचार शब्दशः घेतले की काय होतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ‘आता या नोकरीत काही राम राहिला नाही’ म्हणणाऱ्याची रामावरची श्रद्धा उडालेली नसते. निकालाच्या दिवशी आई देव पाण्यात घालून बसते, तेव्हा देव्हाऱ्यातली मूर्ती जागच्या जागीच असते.

आता ‘तू’ म्हणजे देव हा दावा. खरी चूक इथेच आहे. गाण्यातल्या माणसाची धडपड नीट ऐका. त्याला समोरच्याच्या डोळ्यांत दुरावा दिसतो. मी जरा जास्तच बोललो, असं त्याला वाटतं, आणि लगेच पुढे, पुरेसं बोललोच नाही, असंही वाटतं. समोरची व्यक्ती हसल्याचा भास होतो, गायल्याचा भास होतो. काहीतरी प्रयत्न करताना दिसली असं वाटलं, असं वाटतंय, अशी दुहेरी अनिश्चितता तो एका ओळीत मांडतो. एक इशारा दिलाय, तो शतकातला सर्वात मोठा इशारा समज, असंही सांगतो.

देवाला इशारा कशाला द्यावा लागेल? ज्याला मनातलं सगळं कळतं, त्याच्यासमोर जास्त बोललो की कमी बोललो, ही धास्ती कुणाला असते? ती असते माणसासमोर, आणि तीही अशा माणसासमोर, ज्याच्या मनात काय आहे ते आपल्याला अजिबात ठाऊक नाही. स्टाइपने हे गाणं एकतर्फी ओढीचं, वेड लागल्यासारख्या प्रेमाचं असल्याचं सांगितलं आहे. पार्टीत मागे मागे राहणारा, आवडत्या माणसाजवळ जायला धजत नसलेला एक लाजाळू जीव त्याच्या डोळ्यांसमोर होता. ‘कोपऱ्यात तो मी’ या ओळींच्या सुरुवातीच्या खर्ड्यात स्वयंपाकघर हा शब्दही होता. हा कोपरा चर्चमधला नव्हे, कुणाच्या तरी घरातला आहे.

कबुलीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. गाण्यातला माणूस कबुली देत नाही, कुठली कबुली द्यायची ते निवडत बसतो. धर्मगुरूसमोर पापं निवडून सांगायची नसतात. आणि गुडघे टेकवले ते भक्तीने नव्हे, तोंडून निसटलेल्या चुकीने. ओळीतच तसं म्हटलं आहे.

व्हिडिओत मात्र धर्म भरपूर आहे, हे मान्य. पण तो कुणाचा? दिग्दर्शक तरसेम सिंग, जन्म जालंधरचा. स्टाइपला आधी साधा, फक्त गाणाऱ्या माणसावर कॅमेरा ठेवणारा व्हिडिओ हवा होता. भारतीय चित्रपटांतली भडक, स्वप्नवत नाट्यमयता आणण्याची कल्पना तरसेमची. कोसळणारा देवदूत गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या, पंख असलेल्या म्हाताऱ्याच्या कथेवरून आला आणि प्रकाशयोजना काराव्हाज्जोच्या चित्रांवरून. बाण लागलेला संत सेबॅस्टियन आणि हिंदू देवतांचे देखावे एकाच व्हिडिओत नांदतात. तो सुंदर आहे, एमटीव्हीने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम व्हिडिओ ठरवलं. पण तो गाणं तयार झाल्यावर दुसऱ्या कलावंताने रचलेला आहे. त्यातली चित्रं उचलून शब्दांचा अर्थ ठरवणं म्हणजे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून कथानक सांगणं.

एक गोष्ट मात्र या दाव्याच्या बाजूने मी मनापासून मान्य करते. धर्म, कबुली, गुडघे हे शब्द एकत्र आले की देवळाचा, चर्चचा नाद उमटतोच. आपल्याला तर तो आणखी ओळखीचा वाटतो, कारण ज्ञानेश्वरांच्या विराण्यांमध्ये विरहिणी बोलते आणि मागे विठ्ठल असतो. प्रेमाच्या भाषेआड देव शोधायची सवय आपल्या कानांना लागलेली आहे. इथे वाट उलटी आहे. भाषा देवाची, आणि तिच्याआड हाडामांसाचं माणूस.

श्रद्धा सुटण्याच्या काळात ज्यांना या गाण्याने आधार दिला, त्यांचा आधार खरा आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण ‘मला यात हे सापडलं’ आणि ‘गाणं याबद्दलच आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि फिरणारा मजकूर दुसरं विधान करतो.

त्या मजकुरात गाण्याच्या शेवटाचा उल्लेख कधीच नसतो. तू हसलीस, तू गायलीस असं वाटलं, हे तो पुन्हा म्हणतो, आणि मग स्वतःलाच सांगत राहतो: ते स्वप्न होतं, फक्त स्वप्न. समोरच्या व्यक्तीला यातलं काही कळलं की नाही, हे गाणं संपेपर्यंत समजत नाही.