कानातला चिखल

धुळवडीला मला धरायला गल्लीतले चारजण लागायचे. त्यामुळे त्रिनिदादच्या कार्निव्हलसाठी घरमालकीण आँटींनी ‘जुने कपडे घाल, कानात कापूस घाल’ असं बजावलं, तेव्हा मी नुसता हसलो.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनचा कार्निव्हल राखेच्या बुधवारच्या (ख्रिस्ती ‘ॲश वेन्सडे’च्या) आदल्या सोमवारी सुरू होतो, आणि तोही पहाटे चारला! याला म्हणतात ‘जुव्हे’, म्हणजे फ्रेंच ‘उजाडलं’चं त्रिनिदादी बोबडं रूप. आपली धुळवड निदान चहा होईपर्यंत थांबते. इथे अंधारात एका आजीबाईंनी ‘हॅपी जुव्हे’ म्हणत मायेने बादलीभर गार चिखल माझ्या डोक्यावर उपडा केला. पाठोपाठ कोणीतरी निळा रंग फासला. पुढे गाण्यांचा ट्रक, मागे आम्ही, पाय न उचलता फरफटत चाललेले. या चालीला ‘चिपिंग’ म्हणतात. मला वाटलं होतं, सगळे दमलेत.

उजाडलं तशी भूक लागली. कोपऱ्यावर डबल्सवाला उभा होता. दोन मऊ ‘बारा’, म्हणजे तळलेल्या छोट्या पोळ्या, त्यावर छोले, चटणी. आपल्याकडून करारावर मजुरीला गेलेल्या गिरमिटियांच्या वंशजांची ही देणगी, त्यामुळे जरा हक्काचंच वाटलं.

‘‘तिखट किती?’’

इथे शहाणा माणूस ‘स्लाइट’, म्हणजे किंचित, म्हणतो. मी कोल्हापूरचा. म्हटलं, ‘‘घाल सढळ हाताने!’’

पातळ कागद, चिखलाचे हात, त्यात चमचा नाही. पहिला घास जिभेवर, दुसरा सदऱ्यावर. तिसऱ्याला डोळ्यांतून अशा धारा लागल्या की तोंडावरच्या चिखलात दोन स्वच्छ पाट निघाले. डबल्सवाल्याने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. तांबड्या रश्श्याची अब्रू तिथेच गेली.

टॅक्सीवाले मला बघून वेग वाढवत होते. बेलमाँटपर्यंत चालत आलो. आँटी फाटकातच पाण्याची नळी घेऊन उभ्या. ‘‘आत नाही यायचं. वळ.’’ म्हैस धुतात तसा मला धुतला.

बुधवारी ऑफिसात मीटिंग होती. साहेबांचं नीट ऐकू यावं म्हणून मान कलती केली, तर कानातून वाळलेला ढेपसा टपकन फायलीवर. सगळे गप्प. साहेबांनी चष्मा काढून ढेपशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुसायला म्हणून रुमाल काढायला ते वळले, तेव्हा दिसलं : त्यांच्या कानामागे बोटभर निळा रंग.