अंटार्क्टिकाचं बुकिंग करण्याआधी जहाजावर माणसं किती ते विचारा

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे.

आमच्या सोसायटीतले एक काका सकाळी घरी आले. निवृत्त झाल्यापासून पक्षी बघायला भिगवणचा एक हिवाळा त्यांनी चुकवलेला नाही. हातात एका ट्रॅव्हल कंपनीचं गुळगुळीत पत्रक. "अंटार्क्टिका बुक केलं गं. आता लेन्स कुठली घेऊ तेवढं सांग." मी जहाजाचं नाव विचारलं, फोनवर शोधलं. प्रवासी दोन हजारांच्या वर! हे जहाज कुणालाही किनाऱ्यावर उतरवणार नाही, हे त्यांना सांगणं माझ्या वाट्याला आलं. काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पेंग्विन लांबूनच?"

मंडळी, ५०० पेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या जहाजानं अंटार्क्टिकात एकालाही उतरवायचं नाही, हा नियम आहे. तिथे पर्यटक नेणाऱ्या कंपन्यांच्या आयाटो या संघटनेचा आहे आणि २००९ साली अंटार्क्टिक कराराच्या देशांनीही तो उचलून धरला. जहाज त्याहून लहान असलं तरी एका जागी एका वेळी १०० च माणसं किनाऱ्यावर. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं? मला नाही पटत. पत्रकाच्या पहिल्या पानावर पेंग्विनांच्या शेजारी उभी असलेली लाल जॅकेटमधली बाई, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'सीनिक क्रूझिंग', म्हणजे न उतरता जहाजावरूनच बघायचं. मधली सगळी पानं स्वीमिंग पूल, बाल्कनीची खोली आणि जैन जेवण मिळेल की नाही यावर. एका माणसाची आयुष्यभराची बचत घेताना 'तुम्ही उतरणार नाही' हे एक वाक्य मोठ्या अक्षरात छापता येत नाही?

मोठं जहाज कमी हलतं, स्वस्त पडतं, गुडघे दुखणाऱ्यांना सोयीचं असतं, हे मान्य. पण ज्याला पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत, त्याला ते विकू नका.

माणसांच्या संख्येवर मी एवढी का अडून बसते, ते सांगते. स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकमध्ये, आल्कफ्येलेट नावाचा कडा आहे. काळा दगड, बहुतेक ठिकाणी सरळ पाण्यातून उभा राहिलेला, आणि प्रत्येक कंगोऱ्यावर ब्रुनिख्स गिलेमॉट नावाचे समुद्रपक्षी दाटीवाटीनं उभे. हजारो जोड्या. काळी पाठ, पांढरं पोट. घरटं वगैरे काही नाही, उघड्या दगडावर एकच अंडं. आमचं जहाज छोटं होतं. जुलै संपत आला होता. एक्स्पिडिशन लीडरनं ठरवलं, रात्री जेवणानंतर बोटी काढायच्या, कारण पिल्लं संध्याकाळनंतर उडी मारतात.

हो, उडी. जेमतेम तीन आठवड्यांचं पिल्लू, पंख धड फुटलेले नाहीत, उडता येत नाही, आणि ते त्या कड्यावरून खाली समुद्रात झोकून देतं. बाप खाली पाण्यात त्याला हाका मारत असतो. पुढे कित्येक आठवडे समुद्रात बापच त्याला सांभाळतो. त्या रात्री आमच्या झोडिॲकमध्ये, म्हणजे त्या रबरी बोटीत, सगळेच पक्षीवेडे होते. बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. वरून विष्ठेचा पाऊस, वास असा की डोळ्यांत पाणी यावं, आणि आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलायचं. एका कंगोऱ्यावर एक पिल्लू पुढे यायचं, वाकून खाली बघायचं, मागे सरकायचं. परत पुढे. आम्ही सगळे दुर्बिणी आणि कॅमेरे त्याच्यावर लावून.

शेजारच्या बोटीत लोक गारठले होते. त्यांनी परत चला म्हटलं आणि त्यांची बोट गेली. त्यांचं काही चुकलं नाही, थंडी होतीच. पण फोटोग्राफीसाठी जाताना बोटीत आपल्या शेजारी कोण बसणार, हे खोलीला बाल्कनी आहे का यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. कंपनीला विचारा, फोटोवाल्यांची झोडिॲक वेगळी ठेवता का? सगळे प्रवासी एकाच वेळी पाण्यावर नेता येतील इतक्या बोटी आहेत का? पक्ष्यांचा जाणकार जहाजावर आहे का? जेवणाच्या वेळा हलवता का? कारण तीन-चारशे प्रवाशांचं जहाज असेल तर १०० च्या नियमामुळे तीन-चार पाळ्या लागतात. तुमची पाळी येईपर्यंत उजेड गेलेला असतो, नाहीतर हवा बिघडलेली असते. शंभराच्या आतलं जहाज असेल तर सगळे एकदम उतरतात आणि जितका वेळ तिथे आहेत तितका सगळ्यांना मिळतो.

आणखी एक गोष्ट कुणीच सांगत नाही. मोठ्या जहाजाच्या दहाव्या मजल्यावरून अल्बट्रॉसचा फोटो काढला की त्याची फक्त पाठ दिसते. छोट्या जहाजाच्या मागच्या खालच्या डेकवर उभं राहा. ड्रेक पॅसेजमध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधल्या समुद्रात, वाँडरिंग अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी पंख न हलवता डोळ्यांच्या पातळीवर येतो. साडेतीन मीटरपर्यंत पंखांचा पसारा! पायाशी लाटांना चाटून जाणारी विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. अंटार्क्टिकात वीण करणारा हा चिमणीपेक्षा थोडाच मोठा पक्षी तिकडच्या हिवाळ्यात आपल्या अरबी समुद्रात येतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापासून आत गेलेल्यांनी तो बघितलाय. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्याचं घर बघायला मिळतं, आणि लोक त्या वेळी खाली बुफेच्या रांगेत असतात. वाईट वाटतं, दुसरं काय.

आता पुन्हा रागाची गोष्ट. काकांच्या पत्रकात आणखी एक फोटो आहे. एक फोटोग्राफर बर्फावर पालथा पडलाय, पेंग्विन समोर. बर्ड फ्लू दक्षिणेकडे पोचल्यापासून तिथे प्राण्यांजवळ बसायला, गुडघे टेकायला, आडवं व्हायला, बॅग खाली ठेवायला मनाई आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जिया या अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या बेटावर स्कुआ पक्ष्यांमध्ये ही साथ सापडली आणि मग एलिफंट सीलसुद्धा मेले. आणि तुम्ही अजून तो पालथा माणूस छापताय? उद्या कुणीतरी हौसेनं तसं करेल आणि बुटाला, गुडघ्याला चिकटवून तो विषाणू पुढच्या वसाहतीत नेईल. खालच्या कोनाचा फोटो हवा असेल तर झोडिॲकमधून काढा, ती पाण्यालगतच असते.

स्वालबार्डच्या अस्वलांचंही तेच. १ जानेवारी २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून निदान ३०० मीटर लांब राहायचं, मार्च ते जून ५०० मीटर. संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज चालत नाही. चेहरा भरून येणारा फोटो आता विसरा. बरंच झालं. बर्फाच्या अफाट पसाऱ्यात एवढंसं पिवळट अस्वल, हाच खरा फोटो आहे. हे ज्याला पटत नाही त्याच्याशी माझं भांडण आहे.

महिना कुठला, हे सगळे विचारतात म्हणून. अंटार्क्टिकाला नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ असतं, पेंग्विन खडे गोळा करत जोड्या जमवत असतात. पिल्लं जानेवारीत. फेब्रुवारी-मार्चला देवमासे भरपूर, पण वसाहतींत चिखल आणि घाण. पैसे आणि दिवस असतील तर साउथ जॉर्जिया सोडू नका, तिथल्या सेंट अँड्र्यूज बेमधल्या किंग पेंग्विनांपुढे बाकी सगळं फिकं. लेन्स १००-४०० मिलिमीटरची झूम घ्या. बोटीत ६०० ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली जड लेन्स, हातात धरवत नाही आणि ट्रायपॉड काही कामाचा नाही. आल्कफ्येलेटला पक्षी इतके डोक्यावर होते की मी बराच वेळ २०० च्या आत होते. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

त्या पिल्लानं उडी मारली तेव्हा माझ्याकडे नीट फोटो आला नाही. करड्या धुक्यात एक करडा ठिपका. पण ते कड्याच्या पायथ्याच्या उतारावर आपटलं, उठलं आणि पाण्याकडे धावत सुटलं, आणि दगडांतून आर्क्टिक कोल्हा निघाला तेव्हा आमच्या बोटीत कुणी श्वास घेत नव्हतं. पिल्लू पाण्यात पोचलं. बाप त्याच्याशेजारी आला, आणि दोघं आमच्या बोटीजवळून समुद्राकडे निघून गेले. बोटवाला रडत होता, दर उन्हाळ्यात तिथे येणारा माणूस! हे बघायला आम्ही तिथे थांबू शकलो, कारण जहाज लहान होतं आणि कुणाला घाई नव्हती. काकांना हे मिळायला हवं. त्यांच्यासारख्या माणसाला तर नक्कीच.

दुपारी आम्ही दोघांनी मिळून कंपनीला मेल केलाय, बुकिंग बदलून द्या किंवा पैसे परत करा म्हणून. उत्तर आलं की लिहीन. तोवर तुमच्यापैकी कुणाचं ठरत असेल तर पैसे भरण्याआधी जहाजाचं नाव आणि महिना कॉमेंटमध्ये टाका. रात्री बसून एकेक बघून सांगते.