स्टेरॉइड चालू आहे म्हणून पलंग धरायचा?

लालबागच्या आमच्या चाळीच्या ग्रुपवर तोच मेसेज गेल्या आठवड्यात पुन्हा फिरला: ‘सीओपीडीच्या पेशंटने स्टेरॉइड चालू असताना व्यायाम करू नये. फुप्फुसं झिजतात, स्नायू तुटतात. पंपही बंद करा, आराम करा.’ खाली अंगठ्यांची रांग. सीओपीडी म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा आजार; पंप म्हणजे औषध श्वासातून ओढायचा इनहेलर. छातीच्या पेशंटांकडून व्यायाम करून घेणं हा माझा धंदाच, म्हणून गप्प बसवत नाही.

‘फुप्फुसं झिजतात.’ नाही. सुधारतही नाहीत; फुंकायच्या तपासणीतला आकडा जवळपास तिथेच राहतो. सुधारतात ते पाय. पाय तयार असले की तेवढंच अंतर कमी धापेत कापता येतं. 2015 मध्ये कॉक्रेनने, म्हणजे उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, पेशंटांवर झालेल्या 65 चाचण्या एकत्र तपासल्या. व्यायामाने दम कमी लागतो, चालणं वाढतं, हे त्यांत इतकं स्पष्ट होतं की व्यायाम द्यावा की नाही यावर आणखी चाचण्या नकोत, असं त्यांनीच लिहिलं.

‘स्नायू तुटतात.’ यात थोडं खरं आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मांड्या आणि कंबरेचे स्नायू ढिले पडतात. समोरच्या खोलीतले काका, गिरणीतून निवृत्त झालेले, खुर्चीतून उठताना दोन्ही हात मांड्यांवर रेटायचे. घरच्यांना वाटे, दम लागतो. अर्धी गोष्ट मांड्यांची होती. आम्ही खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. हात न टेकता उठायचं, उठताना ओठांचा चंबू करून हळू फुंकर, पाच वेळा, बस्स. तिसऱ्या आठवड्यात एक उशी काढली. पडून राहिले असते तर उरलेली ताकदही गेली असती. या गोळ्यांनी हाडंही ठिसूळ होतात, म्हणून वाकून वजन उचलणं आणि झटके मात्र वर्ज्य.

‘पंप बंद करा.’ हे सगळ्यात घातक. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. पंपानंतर चूळ भरा, एवढंच पथ्य. आणि बरेच आठवडे चाललेली गोळी एकदम तोडली तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड वेळेवर तयार होत नाही. रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, हळूहळू.

‘आराम करा.’ दम उसळला तेव्हा करा. तो ओसरला की काही आठवड्यांतच व्यायामाला लागायचं. आधी सहा मिनिटं चालवून पाहतात. त्याला 30 मीटरचा सरळ पट्टा लागतो, आमच्या चाळीची गॅलरी जवळपास तेवढीच भरते. बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन 88 च्या खाली गेला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबायचं.